लागल्यातच जमा

"मेला! मेला का नाई? मेला त कुठं मेला? बोला, बोला, कुठं मेला?"

भोंग्यातून ही आरोळी फुटली तसे मांडवाचे बांबू थरथरले, झालरीवर बसलेल्या चिमण्या उडून थेट साकोलीच्या हद्दीत जाऊन बसल्या, आणि खुर्च्यांवर बसलेल्या आम्ही सगळ्या पोरापोरींनी एका दमात उत्तर दिलं, "रंगूनले!"

आत घरात नवरीच्या हळदीची तयारी चालली होती. तिची आत्या पिवळ्या हातांनी तशीच धावत बाहेर आली.

"कोण मेला वं? अशा टायमाले कोण मेला?"

"शेवटचा मुघल बादशहा," मी म्हणाले.

"माय वं! कोन्या बाजूचा? नवरदेवाकडचा का आपल्याकडचा?"

"कोणाकडचाच नाई, आत्या. लय दिवस झाले त्याले मरून."

"मंग सुतक त नाई लागत नं?"

मी काही बोलायच्या आत भोंगाच बोलला. "सुतक नाई लागत! पन मार्क लागते! पुढचा प्रश्न!"

आत्यानं भोंग्याकडं पाहून पदर डोक्यावर घेतला आणि मुकाट आत गेली. दुसरं कोणी असतं तर तिनं त्याला हळदीच्या पाट्यासकट उचलून तलावात बुडवलं असतं. पण भोंग्यामागं गावचा जावई होता, आणि जावयाला आमच्याकडं कोणी काही म्हणत नाही.

हे आमचे जवाईबापू.

लाखनीहून आत, तलावाच्या पारीला, म्हणजे बांधाला, पाठ टेकून आमचं गाव आहे. गावची लेक ज्याच्या घरी दिली तो साऱ्या गावाचा जावई. त्याला ताटावरून उठवायचं नाही, ओझं उचलू द्यायचं नाही, आणि तो काही बरळला तर "हो बापू, खरं हाये बापू" म्हणायचं. एरवी असे जावई वर्षातून दोनदा येतात, तूप खातात आणि जातात, म्हणून गाव टिकून राहतं. आमचे जवाईबापू सासरीच राहायला आले. म्हणजे गावाच्या नशिबी बारमाही सण आला.

त्यांचं नाव काय होतं ते विचारू नका. नाव त्यांच्या आधार कार्डावर होतं, ते कार्ड पारदर्शक पाकिटात त्यांच्या गळ्यात लटकत असे, तरी ते कोणी वाचलं नाही. जावयाला नावानं हाक कोण मारतो? सासऱ्यानं जवाईबापू म्हटलं, मग गल्लीनं, मग गावानं, मग लाखनीच्या बसच्या कंडक्टरनं. हायवेवरचे पंजाबी ट्रकवालेसुद्धा काच खाली करून "जवाईबापू, रायपूर कितना दूर?" असं विचारत, हे मी स्वतः ऐकलं आहे. निदान एका ट्रकवाल्याचं तरी नक्की ऐकलं आहे.

आम्हा गावच्या पोरींना मात्र थोडी सूट होती. त्यांची बायको ती आमची ताई, म्हणून ते आमचे भाऊजी, आणि भाऊजीची मस्करी करणं हा आमच्याकडं पोरींचा मूलभूत हक्क आहे. कोणत्या कलमाखाली येतो ते भाऊजीच सांगत आणि दर वेळी कलम बदलत.

ताईचं लग्न जुळवताना मध्यस्थानं सांगितलं होतं, "पोरगा सरकारी नोकरीत लागल्यातच जमा आहे. एक पेपर राह्यला फक्त." तो एक पेपर जो राहिला तो राहिलाच. कधी भरती निघाली नाही, कधी निघाली आणि गोगलगाईसारखी परत आत गेली, कधी भाऊजींचे मार्क थोडक्यात हुकले. पण त्यांचे सासरे, म्हणजे आमचे मोठेबाबा, शब्दाचे पक्के. कोणीही भेटो, पाहुणा, पुजारी, बैलाचा व्यापारी, मोठेबाबा जावयाकडं हात करून सांगायचे, "हे आमचे जवाई. लागल्यातच जमा आहेत." भाऊजी मान खाली घालून हसायचे. त्या हसण्याचा रंग दर वर्षी थोडा उडत चालला होता.

मग ते साल आलं. गणित आणि सामाजिक शास्त्र शिकवणाऱ्या शिक्षकांची मोठी सरकारी भरती निघाली, आणि त्याच साली भाऊजी वयाच्या अटीच्या उंबऱ्यावर जाऊन उभे राहिले. पुढच्या भरतीला त्यांचा फॉर्मसुद्धा घेतला जाणार नव्हता. मोठेबाबांचा मंडप-बिछायतीचा धंदा. त्यांनी एक दिवस जेवताना, जावयाकडं न बघता, भाताच्या ढिगाकडं बघून सांगितलं, "या खेपेस लागले त साहेब. नाई लागले त येत्या सराईपासून धंदा तुमी पाहा, बापू. माहे घुडघे आता शिडी चढत नाईत."

जावयाला एवढं बोलणं म्हणजे आमच्या गावात भूकंपच. ताईच्या आईनं त्या बोलण्याची भरपाई म्हणून त्याच पंगतीत जावयाला दोनदा तूप वाढलं. भाऊजींनी दोन्ही वेळा घेतलं, पण मला दुसऱ्या दिवशी म्हणाले, "पोरी, मले खुर्ची नोको, पगार नोको. मामाजी इतके वर्षं एक वाक्य अर्धं बोलून राहिले. ते एकदा पुरं झालं पायजे."

पगार नको हे खोटं होतं. बाकीचं खरं होतं.

आता वर्ग मांडवात कसा भरायला लागला ते सांगते. लग्नाच्या आदल्या दिवशी मांडव पडतो, खुर्च्या मांडल्या जातात, आणि वऱ्हाड येईपर्यंत तिथं फक्त बकऱ्या असतात. राखण करायला माणूस लागतो. जावयाला बांबू उचलायला लावता येत नाही, पण "बापू, जरासं बसून राहता का सावलीत" असं म्हणता येतं. भाऊजी बसले. सोबत पुस्तकं घेऊन बसले. त्या भरतीसाठी मीही अर्ज करणार होते, मी जाऊन बसले. माझ्या मागं माझ्या मैत्रिणी, त्यांच्या मागं त्यांचे भाऊ, भावांच्या मागं लाखनीची पोरं. फी काही नव्हती. मांडव सोडताना दोऱ्या गुंडाळून द्यायच्या, एवढंच.

त्यामुळं आमच्या क्लासचा पत्ता दर दोन दिवसांनी बदलायचा. आज लाखनीत, परवा आंधळगावात, तेरवा मोहाडीच्या पलीकडं. दारावर कागदाच्या फुलांची कमान, कमानीवर "शुभविवाह", आणि आत आम्ही त्रैराशिक सोडवतोय. किती तरी घरी आम्हाला नवरदेवाकडचे समजून पाय धुवायला पाणी दिलं. आंधळगावात एका मुलीच्या बापानं तर भाऊजींना मिठी मारून रडत रडत "पोरगी सांभाळा" सांगितलं. भाऊजींनी त्याला शांत केलं, खुर्चीवर बसवलं, आणि सरासरी शिकवली. तो माणूस पुढं ग्रामपंचायतीत निवडून आला. सरासरीचा उपयोग कुठं होईल सांगता येत नाही.

शिकवणं कसं होतं? तसं शिकवणं मी आजवर कुठं पाहिलं नाही, आणि शिक्षण खात्यानं पाहिलं असतं तर बंद केलं असतं. पुस्तक ते उघडायचे, पण वाचायचे मांडवातून.

"मूलभूत हक्क म्हंजे वरपक्ष. सगळं मागून घेतो. मूलभूत कर्तव्य म्हंजे वधूपक्ष. समजलं?"

"समजलं, भाऊजी."

"मार्गदर्शक तत्त्वं म्हंजे मामाचा अहेर. द्यावा असं सांगतलं आहे. पन नाई देला त कोर्टात जाता येत नाई."

"अन् राज्यसभा?"

"राज्यसभा म्हंजे पंगतीतले म्हातारे. सगळे एकदम उठतच नाईत. तिसरा हिस्सा उठते, तिसरा हिस्सा नवा बसते, पंगत कधी मोडत नाई."

पानिपत का हरलं, याचं उत्तर पुस्तकात पानभर होतं. भाऊजींचं एका ओळीत: "आचारी मागं राहिला." अक्षांश म्हणजे आडवे बांबू, रेखांश म्हणजे उभे. सगळे उभे बांबू वर एका ठिकाणी बांधले म्हणजे तो उत्तर ध्रुव. मला आजही जगाचा नकाशा पाहिला की त्यावर झालर कुठून सोडायची ते दिसतं.

गणितात ते आणखी भयंकर होते.

"चार मानसं एक मांडव तीन तासात टाकते. आठ मानसं किती तासात टाकतीन?"

"दीड!" आम्ही ओरडलो.

"चूक! सहा! आठ मानसं जमले का चौघं तंबाखूचा खर्रा घोटत बसते अन् बाकीचे चौघं आपल्याले कधी भेटते म्हनून पाहत बसते. पन पेपरात दीडच लिहा. सरकारनं कधी मांडव टाकला नाई, त्याले काय मालूम."

आम्ही हसून हसून खुर्च्यांवरून पडायचो, आणि उत्तर डोक्यात चिकटायचं. हसत शिकलेलं विसरत नाही, असं मी आता माझ्या शाळेत सांगते. ते खरं असेल. पण ते मी भाऊजींकडून चोरलं आहे.

माणूस म्हणून पाहिलं तर भाऊजी चोवीस तास परीक्षार्थी होते. परीक्षेच्या दारावर खिसे तपासतात, म्हणून त्यांनी लाखनीच्या शिंप्याकडून सगळे शर्ट बिनखिशाचे शिवून घेतले. बूट चालत नाहीत म्हणून कायम चप्पल. पट्टा चालत नाही म्हणून पँटला नाडी. घड्याळ नाही. पाण्याची बाटली पारदर्शक. अशा वेशात ते लग्नांना जात, आणि फोटोवाला त्यांना दर वेळी "काका, जरा बाजूला" म्हणे. सही अर्जावरच्या सहीशी जुळली पाहिजे म्हणून रोज सकाळच्या चहाबरोबर एक सही करत आणि ताईला दाखवत. ताई चहा गाळता गाळता म्हणे, "हो, तुमीच आहा."

उत्तरपत्रिकेवर गोल काळे करायची सवय तर त्यांच्या हाताला इतकी लागली की कुठलाही कोरा गोल दिसला की हात शिवशिवायचा. वर्तमानपत्रातली शून्यं, बिस्किटाच्या पुड्यावरचा सूर्य, पत्रिकेतली रिकामी घरंसुद्धा त्यांनी सोडली नाहीत. एका वर्षी भिंतीवरच्या कॅलेंडरातले पौर्णिमेचे सगळे गोल त्यांनी बोलता बोलता काळे करून टाकले. सासूबाईंनी ते पाहून कोजागिरीला अमावस्या पाळली. घराबाहेर गाव चांदण्यात दूध पीत होतं आणि त्यांच्या दारात नारळ ओवाळून टाकला जात होता. जावयानं काळी केली म्हणजे काळी.

आंबागडची गोष्ट मात्र सांगायलाच हवी, कारण ती कोणी दुसरं सांगेल तर कमी करून सांगेल.

किल्ल्याच्या पायथ्याशी लग्न होतं. मांडव नवा, मोठा, कापड असं की वारा शिरला तर शीड व्हावं. भाऊजी वारे शिकवत होते. खारे वारे, मतलई वारे. तेवढ्यात डोंगरावरून वावधान सुटलं. आधी झालरी उडाल्या, मग कागदाची कमान, मग कोपऱ्यांच्या दोऱ्या तटातट तुटल्या. आम्ही खुर्च्यांखाली घुसलो. भाऊजींनी मधला खांब धरला. आणि मी या डोळ्यांनी पाहिलं की खांब जमिनीतून निघाला, मांडव फुगला, आणि भाऊजी वर गेले. किती वर? माझी मैत्रीण म्हणते हातभर. तिनं डोळे मिटले होते. मी सांगते, किल्ल्याच्या बुरुजावरून एक माकड त्यांच्याकडं खाली वाकून नाही, समोरासमोर पाहत होतं.

आणि वरून आवाज आला, "पोट्टेहो! पाहून घ्या! हाच तो कमी दाबाचा पट्टा!"

मांडव पुढं जाऊन एका धानाच्या बांधीत बसला. आम्ही चिखल तुडवत धावलो. भाऊजी कापडाखालून रांगत बाहेर आले, गळ्यातलं पाकीट चाचपलं, आणि पहिला प्रश्न विचारला, "आवर्त का प्रत्यावर्त?"

"आवर्त!" आम्ही ओरडलो.

"बरोबर. मांडव उचला."

मुलीचा बाप हात जोडून उभा होता. त्याचा मांडव गेला होता, पण तोंडातून "बापू, लागलं नाई नं कुठं?" एवढंच निघालं. मागून मोठेबाबा लंगडत आले. त्यांनी फाटलेल्या कापडाकडं पाहिलं, जावयाकडं पाहिलं, आणि मुलीच्या बापाला समजावलं, "हे आमचे जवाई. लागल्यातच जमा आहेत."

परीक्षा जवळ आली तशा भाऊजींनी सराव परीक्षा सुरू केल्या. दारात झडती, अंगठ्याचा ठसा म्हणून कुंकवात बोट, ओळीत खुर्च्या. आणि एक नियम. खरी वेळ संपायच्या पाव तास आधीच ते भोंग्यातून गरजत, "पेन खाली! हात वर!" त्यांचं म्हणणं असं की जो पाव तास आधी संपवायला शिकला तो खऱ्या हॉलमधी राजा. आरोळी झाली की पेन टाकायचं आणि दोन्ही हात वर करायचे. त्यानंतर ज्यानं पेनाला हात लावला तो बाद, आणि बाद झालेल्यानं साऱ्या मांडवाच्या दोऱ्या एकट्यानं गुंडाळायच्या.

पहिल्या आठवड्यात सगळेच बाद. मग हळूहळू हात आधी वर जायला लागले आणि डोकं मागून यायला लागलं. शेवटी अशी वेळ आली की आरोळी झाली की आम्ही तर हात वर करतच होतो, पण आचारी झारा सोडायचा, नवरीची मेंदी काढणारी कोन टाकायची, आणि एकदा भटजींनीसुद्धा सुपारी खाली ठेवून हात वर केले.

भाऊजी मात्र सारा वेळ रांगांमधून फिरत असत, मागं हात बांधून. सगळ्या परीक्षा त्यांनी उभ्यानं घेतल्या. बसून एकही दिली नाही. हे आमच्या कोणाच्या लक्षात आलं नाही.

अर्ज आम्ही सगळ्यांनी लाखनीच्या एकाच दुकानात, एकाच बैठकीत, एकामागून एक भरले. रांगेत सगळ्यांत पुढं भाऊजी. त्यामुळं बैठक क्रमांक लागोपाठ आले, आणि भंडाऱ्याच्या त्या शाळेत, त्या एका हॉलमध्ये, अर्ध्याहून जास्त आमचाच मांडव येऊन बसला. भाऊजी खिडकीजवळ. मी त्यांच्या तिरपी मागं.

दारावर झडती घेणाऱ्या पोलिसानं त्यांचे खिसे शोधले. छातीवर शोधले, बाजूला शोधले, मागं शोधले.

"काका, खिसा कुठं आहे?"

"ठेवलाच नाई," भाऊजी म्हणाले. इतक्या अभिमानानं म्हणाले की पोलीस दोन पावलं मागं सरकला.

पेपर हाती आला. काय सांगू! राज्यसभा होती. मार्गदर्शक तत्त्वं होती. अक्षांश, आवर्त, काम आणि वेळ, सगळं वऱ्हाड आलं होतं. आमच्या रांगांमधून दबकं हसू फिरत होतं. पर्यवेक्षक होते एक पिकल्या केसांचे, गरीब चेहऱ्याचे गुरुजी. परीक्षेत हसणारी पोरं त्यांनी जन्मात पाहिली नव्हती. ते बिचारे दर थोड्या वेळानं स्वतःच्या सदऱ्याची बटणं तपासत होते. भिंतीवरचं घड्याळ बंद होतं. पंखा तेवढा चालू होता.

मी शेवटचा गोल काळा केला आणि वर पाहिलं. आणि मला दिसलं की भाऊजींच्या मानेची शीर ताठ होते आहे. मांडवात भोंगा तोंडाशी नेताना व्हायची तशी. मी "भाऊजी" म्हणायला तोंड उघडलं, पण उशीर झाला होता.

"पेन खाली! हात वर!"

भोंगा नव्हता, तरी खिडकीच्या काचा वाजल्या. आमचे हात आम्हाला न विचारता वर गेले. आम्हाला पाहून तुमसरची पोरं घाबरली, त्यांनीही वर केले. साकोलीच्या पोरींनी केले. दारातल्या शिपायानं पाण्याचा जग खाली ठेवून केले. पर्यवेक्षक गुरुजींनीही केले, मग आपण सरकारतर्फे आहोत हे आठवून खाली घेतले आणि भराभर उत्तरपत्रिका गोळा करायला लागले. त्यांनी दीड रांग गोळा केली तेव्हा शिपाई हात वर ठेवूनच म्हणाला, "सर, घंटा त मीच वाजवतो. मी नाई वाजवली."

मग जो गोंधळ झाला तो लिहायला कागद पुरणार नाही. केंद्रप्रमुख मॅडम धावत आल्या.

"कोण ओरडलं?"

भाऊजी उभे राहिले. हात वरच होते.

"मी."

"तुम्ही कोण?"

"परीक्षार्थी."

"मग तुम्ही का ओरडलात?"

"टाईम झाला होता, मॅडम."

"कुणी सांगितलं? अजून पाव तास आहे!"

"तोच त," भाऊजी म्हणाले.

मॅडमनी त्यांच्याकडं पाहिलं. बिनखिशाचा शर्ट, नाडी, गळ्यातलं पाकीट, वर केलेले हात. त्यांना काय वाटलं देव जाणे. राग येता येता त्यांचा आवाज उतरला. "खाली बसा. पेपर सोडवा. पुन्हा आवाज आला तर बाहेर काढीन." उत्तरपत्रिका परत वाटल्या गेल्या. तुमसर-साकोलीची पोरं पुन्हा मान खाली घालून सोडवायला लागली. आमचं झालंच होतं, आम्ही नुसते बसलो.

आणि तेव्हा मला भाऊजींची उत्तरपत्रिका दिसली. शेवटचे गोल सगळे कोरे. गणिताचे. एका खाली एक, पांढरे, टपोरे. ज्या माणसाला कॅलेंडरातली पौर्णिमा सोसत नव्हती, त्याच्यासमोर रांगभर पौर्णिमा पडल्या होत्या, आणि पेन बाकावर आडवं होतं.

पाव तास होता. वय तिथंच संपत होतं. घरी मोठेबाबा दाराशी खुर्ची टाकून बसले असणार, ताईनं देवाजवळ दिवा लावला असणार.

"भाऊजी," मी दात न हलवता म्हणाले, "पेन उचला नं."

त्यांनी पंख्याकडं पाहिलं.

"भाऊजी, तुमाले आमची शपथ."

पर्यवेक्षक गुरुजीसुद्धा जवळ आले. आता त्यांनाही वाईट वाटत होतं. "अहो, उचला. वेळ आहे अजून. मी सांगतो ना."

भाऊजींनी हाताची घडी घातली. "एकदा पेन खाली म्हटलं म्हंजे खाली, गुरुजी," ते हळूच म्हणाले. "माहे पोट्टे बसले आहेत मागं."

शिपायानं घंटा वाजवली तेव्हा आमच्या रांगांत कोणाचे डोळे कोरडे नव्हते. मी तर पुसायलाही विसरले.

निकाल लागला. आमच्या मांडवातली कितीतरी पोरं लागली. मीही लागले. भाऊजी थोडक्यात हुकले, त्या कोऱ्या गोलांइतकेच. आम्ही पेढे घेऊन गेलो आणि दारात घुटमळलो, कारण आत कोणत्या तोंडानं जायचं? मोठेबाबांनीच हाक मारली. त्यांनी सगळ्यांच्या हातचे पेढे खाल्ले, मग भिंतीवरचा मांडवाच्या नटबोल्टांचा पाना काढून जावयाच्या हाती दिला. बाहेर रस्त्यावरून कोणी पाहुणा चालला होता. मोठेबाबांनी त्याला थांबवलं आणि आमच्याकडं हात करून सांगितलं, "हे सगळे आमच्या जवायानं लावले." भाऊजी मान खाली घालून हसले. ताई पेढ्यांचे डबे आत नेत होती. ती म्हणाली, "आता तरी शर्टाले खिसे लावून घ्या."

माझी शाळा तुमसरच्या बाजूला आहे. तिथं मी दर वर्षी पोरांना ही गोष्ट सांगते, आणि दर वर्षी ती थोडी वाढते. आता तिच्यात कलेक्टर येतात, भाऊजींना सलाम करतात आणि म्हणतात, "असा परीक्षार्थी मी पाहिला नाही." पोरं रडतात. मुख्याध्यापकही रडले. ते म्हणाले, "मॅडम, या माणसाला शिक्षकदिनाला पाहुणे म्हणून बोलवा. 'नियम आणि निष्ठा' यावर दोन शब्द बोलतील."

म्हणून मी गावी गेले. भाऊजी शिडीवर होते, दातात दोरी धरून आडवा बांबू बांधत होते. आता त्यांच्या हाताखाली चांगली पाच-सहा माणसं आहेत आणि तालुक्यातला कोणताही मोठा मांडव त्यांच्याशिवाय पडत नाही. मी खालूनच सगळं सांगितलं. शाळेचं, मुख्याध्यापकांचं, रडणाऱ्या पोरांचं. कलेक्टरसुद्धा सांगितले. ते ऐकत राहिले, गाठ मारत राहिले.

"आता तुमीच येऊन सांगा पोट्ट्यायले, भाऊजी," मी म्हणाले. "पाव तास होता, आमी सगळे विनवून राह्यलो होतो, नोकरी समोर पडली होती. तरी तुमी पेन काहून नाई उचललं?"

भाऊजींनी दातातली दोरी काढली.

"राह्यलेले गणितं येतच नोते मले," ते म्हणाले.